तंबाखूचा ‘पहिला दिवस’: चव, तलफ आणि कायदा

(व्याख्यानाचं शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तंबाखूच्या चवीवर बोलावं, हे पत्रिका वाचून काही जणांना गमतीचं वाटलं असेल. पण या विषयातला आमचा अधिकार नुसता पुस्तकी नाही. आम्ही स्वतः 23 वर्षं तंबाखू खाल्ली. आमचा पीएच.डी.चा प्रबंध इच्छास्वातंत्र्यावर होता, आणि तो सगळा प्रबंध आम्ही गालात बार धरून लिहिला. (हशा) हसा, हसण्यासारखंच आहे ते. पण त्या हसण्यातच आजचा प्रश्न आहे. माणूस एखादी गोष्ट ‘स्वतःच्या इच्छेने’ सुरू करतो, असं आपण केव्हा म्हणायचं?

आधी तीन माणसं तुमच्यासमोर उभी करतो.

पहिले आमचे आजोबा. पैठणजवळच्या खेड्यातले शेतकरी. साधी तंबाखू, चुना लावून तळहातावर मळलेली. कधी सुरू केली असं विचारलं की त्यांना तो दिवस लख्ख आठवायचा. पेरणीचे दिवस, औतावरच्या गड्याने दिलेली चिमूट, आणि मग लिंबाखाली डोकं धरून बसणं. ते सांगायचे, “पोटातलं सगळं बांधावर पडलं बघ. दोन दिवस भुई हालत होती. तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, तो माझा गाढवपणा.”

दुसरे आम्ही. 1968 साली शिकायला या शहरात आलो. तेव्हाचं औरंगाबाद. रात्री मेसमधून जेवून निघालं की गुलमंडीपर्यंत पायी चक्कर आणि एक मसाला पान. गुलकंद, बडीशेप, खोबरं, इलायची. केव्हातरी मित्राच्या आग्रहाने त्या पानाला किमामचं बोट लागलं. कोणत्या रात्री, आठवत नाही. ना चक्कर आली, ना मळमळ. वर्षभराने लक्षात आलं की जेवणानंतर आपल्याला पान नको असतं, किमाम हवा असतो.

तिसरा आमचा एक विद्यार्थी. नव्वदच्या दशकातला, बीडकडचा, आईवडील ऊसतोडीला जाणारे. हुशार पोरगं. वर्गात वाचायला उभं केलं तर शब्द तोंडातल्या तोंडात अडकायचे. एकदा जवळ बोलावून विचारलं, “अरे, तंबाखू खातोस का?” तो मनापासून म्हणाला, “नाही सर, तंबाखूला आपण कधी हात लावला नाही. फक्त पुडी खातो.”

तो खोटं बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. त्याच्या लेखी पुडी म्हणजे तंबाखू नव्हतीच.

आजोबांच्या आयुष्यात तंबाखूचा पहिला दिवस होता. आमच्या आयुष्यात तो नव्हता. त्या मुलाच्या आयुष्यात तर तंबाखू हे नावही नव्हतं. तीन पिढ्यांत हा जो पहिला दिवस हरवला, तो चवीने हरवला. आम्हाला आज एवढंच मांडायचं आहे. बाकी सगळा त्याचा इतिहास.

विड्याच्या पिशवीतून आलेली तंबाखू

विडा आपल्याकडे फार जुना. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या शिवेला लागून. राजाने कोणकोणते भोग घ्यावेत याच्या यादीत तिथे तांबूलभोगाचं वेगळं प्रकरण आहे. सुपारी, निवडक पानं, चुना, कापूर, कस्तुरी. सुगंधाचा केवढा थाट! पण या विड्यात तंबाखू नाही. असणं शक्यच नव्हतं, कारण तंबाखू हे अमेरिकेतलं झाड, आणि ते पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरायला अजून काही शतकं होती.

ती दख्खनेत आली आणि इथून उत्तरेत गेली. याचा वृत्तान्त अकबराचा एक सरदार असद बेग याने लिहून ठेवला आहे. विजापूरच्या दरबारी कामगिरी करून तो 1604-05च्या सुमारास आग्र्याला परतला. विजापुरात त्याने तंबाखू पाहिली होती, उत्तरेत ती नवीन होती. बादशहाला नजर करण्यासाठी त्याने रत्नजडित नळी आणि सोन्याचं जळतं पात्र तयार करवलं. आणि तंबाखू कशात भरली? आदिलशहाने त्याला विड्याची एक सुंदर पिशवी भेट दिली होती, तिच्यात. चांदीच्या तबकात हे सगळं मांडून बादशहापुढे ठेवलं.

बघा, तंबाखू मोगल दरबारात पहिल्यांदा शिरली ती विड्याच्या पिशवीतून. आमच्या दृष्टीने पुढच्या 400 वर्षांचा इतिहास या एका तपशिलात आहे. अनोळखी वस्तू ओळखीच्या पिशवीत घालून आणा. दाराशी कुणी अडवत नाही.

हकीमाने मात्र अडवलं. त्याचं म्हणणं असं की आमच्या ग्रंथांत या वनस्पतीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, तेव्हा न पारखलेलं औषध बादशहाने घेऊ नये. त्यावर असद बेगने प्रतिवाद केला की जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीनच होती, आणि शहाण्या लोकांनी स्वीकारलेली वस्तू केवळ आपल्या पुस्तकात नाही म्हणून टाकून देऊ नये. बादशहाला हा युक्तिवाद आवडला. वाद म्हणून आम्हालाही तो आवडतो. पण गंमत अशी, की चर्चेत बोलला तो हकीम आणि बोलला तो सरदार. शरीराला कुणी विचारलंच नाही. अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि पुढे ती सवय धरली नाही. सरदारांनी मात्र धरली, आणि व्यापाऱ्यांनी पुरवठा सुरू केला.

कायद्याचा इतिहासही तिथूनच सुरू होतो. त्याच 1604 साली इंग्लंडच्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि आयातकर सुमारे चाळीसपट केला. 1617 मध्ये जहांगीराने तंबाखू ओढायला मनाई केली. दोन्हीकडे परिणाम काय झाला हे तुम्ही जाणताच. आपलं शहर मलिक अंबरने खडकी या नावाने वसवलं ते 1610 साली. म्हणजे दख्खनेत तंबाखू आधी आली आणि आपलं शहर नंतर. वयाने ती आपल्याहून मोठी आहे. (हशा)

शरीराचा नकार

आता जरा शरीराकडे येऊ. तंबाखूतलं निकोटिन हे झाडाने किड्यांपासून वाचण्यासाठी तयार केलेलं विष. ते कडू आणि झोंबणारं असतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला घाम फुटतो, चक्कर येते, उलटी होते. धूर ओढला तर ठसका लागतो. हे शरीराचं ‘नाही’ आहे. कुठलंही सरकार, कुठलीही पाटी नसताना माणसाला मिळालेली ही सगळ्यांत जुनी ताकीद. आजोबांना ती मिळाली. ती मोडून ते पुढे गेले. तो त्यांचा निर्णय होता, चुकीचा असला तरी त्यांचा होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखांचं वर्गीकरण आहे. आरंभी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं, ते सात्त्विक. आरंभी अमृतासारखं आणि शेवटी विषासारखं, ते राजस. या कसोटीवर साधी तंबाखू हा विचित्र पदार्थ आहे. ती आरंभीही विष आणि शेवटीही विष. अशी वस्तू विकायची कशी? आरंभ बदलायचा. शेवट बदलता येत नाही, पण आरंभ अमृतासारखा करता येतो. चव जे काम करते ते हेच.

ते ती चार रीतींनी करते. पहिली रीत झाकण्याची. गोडी कडूपणा झाकते. पुदिन्यातलं मेंथॉल तोंडातल्या आणि घशातल्या थंडी ओळखणाऱ्या तंतूंना चेतवतं, त्यामुळे खरखर असूनही गार वाटतं. लवंगेतलं युजेनॉल बधिर करतं. दाढ दुखली की आपण लवंगेचं तेल लावतो ते त्याचसाठी. ज्या हिरडीला आग व्हायला हवी, ती हिरडीच झोपवली जाते.

दुसरी रीत मात्रा वाढवण्याची. इथे आपला चुना येतो. चुना ही काही चव नव्हे, पण विड्यातला तो जुना सोबती. चुन्यामुळे तोंडातली आम्लता जाते आणि निकोटिन अशा रूपात मोकळं होतं की गालाच्या आतल्या त्वचेतून ते झपाट्याने रक्तात उतरतं. आजोबा तळहातावर करत होते ते रसायनशास्त्रच होतं.

तिसरी रीत खुणेची. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. घंटा वाजली की लाळ. चव ही अशीच घंटा. केवड्याचा, इलायचीचा वास आणि पाठोपाठ निकोटिनची तरतरी, असं शेकडो वेळा झालं की नुसत्या वासानेही मेंदू मागणी करू लागतो. आम्ही तंबाखू सोडली 1991 साली. आजही पानाच्या टपरीवरून किमामचा दरवळ आला की पाय क्षणभर थबकतो. इतक्या वर्षांनीही निकोटिनाची आठवण होत नाही, होते ती सुगंधाची. म्हणून आम्ही चव आणि तलफ यांत फरक करतो. चवीला तृप्ती असते. पोट भरलं की पुरणपोळी पुरे होते. तलफ तृप्त होत नाही, ती फक्त काही वेळ थांबते. चवीचं सोंग घेऊन तलफ आली, तर माणसाला वाटतं की आपल्याला हे ‘आवडतं’.

चौथी रीत नावाची. गुलाब, इलायची, केशर ही नावं आपल्याकडे सणाची, पाहुणचाराची, मुखशुद्धीची. जेवणानंतर जे द्यायचं ते वाईट कसं असेल? आमच्या विद्यार्थ्याला पुडी तंबाखू वाटली नाही ती याच नावांमुळे.

कारखान्यातला सुगंध

ही युक्ती आपल्याच देशातली, असं कुणी समजू नये. अमेरिकेत 1913 साली कॅमल सिगारेट आली. तिच्यात बर्ली जातीची तंबाखू होती, जी गोड पाकासारखी द्रव्यं चांगली शोषते. पुढे अशा मिश्रणांत ज्येष्ठमध, कोको, साखर हे नेहमीचे झाले. 1925 मध्ये ओहायोच्या लॉइड ह्यूज यांनी तंबाखूला मेंथॉल लावण्याचं पेटंट मिळवलं. 1994 मध्ये अमेरिकेतल्या पाच मोठ्या कंपन्यांनी सिगारेटमध्ये घातल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी जाहीर केली, तेव्हा ती भरली 599 नावांची.

आपल्याकडे हेच काम आधी घराघरांत चालायचं. मिश्री भाजणारी आजी, जर्दा, किमाम, नाकात तपकीर. पण त्यात एक मर्यादा होती. पान लावायला पानवाला लागायचा, पानं नासायची, चंची आणि अडकित्ता जवळ बाळगावा लागायचा. 1973 साली कानपूरहून पानमसाला डब्यात भरून बाजारात आला आणि विड्यातून पान निघून गेलं. उरली सुपारी, कात, चुना आणि सुगंध. ऐंशीच्या दशकात त्यात तंबाखू मिसळून लहान पुड्या निघाल्या. गुटखा आता नासत नव्हता, खिशात मावत होता, सुट्या पैशांत मिळत होता आणि शाळेच्या फाटकासमोर लटकत होता. असद बेगची रत्नजडित पिशवी आता प्लास्टिकची झाली.

त्यात सुपारी स्वतः निरुपद्रवी नाही. 1952 मध्ये केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात श्वार्ट्झ यांनी एक विकार नोंदवला. 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचं ‘सबम्युकस फायब्रोसिस’ असं वर्णन केलं. गालाच्या आतली त्वचा पांढरी पडून चामड्यासारखी आवळते, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे कर्करोगाचा धोका. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारी म्हणून नोंदवलं.

साधी परीक्षा सांगतो. आपली तीन बोटं उभी करून तोंडात घाला. जात असतील तर ठीक. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या तोंडात दोन जात होती. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. डब्यातली भाकरी तो पाण्यात कुस्करून खायचा. वय होतं वीस.

बंदीची कथा

महाराष्ट्राचा प्रश्न मुख्यतः चघळण्याचा आहे, ओढण्याचा नव्हे. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, धूम्रपान करणारे होते 3.8 टक्के. तेव्हा सिगारेटवर केंद्रित असलेला जागतिक विचार आपल्याला जसाच्या तसा उपयोगाचा नाही.

महाराष्ट्राने 1 ऑगस्ट 2002 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर पाच वर्षांसाठी बंदी घातली. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. गोदावत पानमसाला खटल्यात 2 ऑगस्ट 2004 रोजी निकाल लागला आणि बंदी रद्द झाली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की राज्याच्या अन्न अधिकाऱ्याचा अधिकार स्थानिक, तातडीच्या प्रसंगांपुरता आहे. असा धोरणात्मक निर्णय केंद्राने घ्यायचा.

मग 2006चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि त्याखाली 2011चे नियम. त्यातला एक नियम एका ओळीचा आहे: कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही. गुटखा खाल्ला जातो म्हणून तो अन्न, आणि अन्नात तंबाखू चालत नाही, म्हणून गुटखा बेकायदा. तर्कशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहावा असा हा संविधान-तर्क आहे! याच बळावर आधी मध्य प्रदेशाने आणि जुलै 2012 मध्ये महाराष्ट्राने बंदी आणली. उत्पादकांना मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2012 मध्ये अंतरिम स्थगिती नाकारली. महाराष्ट्राने तंबाखू नसलेला पानमसालाही बंदीत घेतला, आणि 2013 मध्ये सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारी यांनाही त्यात आणलं. आमच्या मते ही 2013ची भर फार महत्त्वाची. कारण इथे पहिल्यांदा कायद्याने थेट सुगंधावर बोट ठेवलं.

पळवाट लगेच निघाली. तंबाखू मिसळायची नाही ना? मग दोन पुड्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, दोन्ही शेजारी शेजारी लटकलेल्या. मिसळण्याचं काम गिऱ्हाईकाच्या तळहातावर. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये 2011च्या नियमाचं काटेकोर पालन करायला सांगितलं. पण ज्या शेजारी राज्यांत नुसता पानमसाला खुला आहे, तिथून माल येत राहिला. विदर्भातला खर्रा आणि आपल्याकडचा मावा तर टपरीवरच घोटला जातो; त्याला कारखानाही लागत नाही.

याच टप्प्यावर एक प्रश्न आपल्या शहरात, इथल्या खंडपीठात उभा राहिला. पोलीस गुटखा विकणाऱ्यांवर भारतीय दंडविधानाचं कलम 328 लावत होते. विष किंवा तसा पदार्थ दुसऱ्याला ‘देणे’ किंवा ‘घ्यायला लावणे’, असं ते कलम. मार्च 2016 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ठरवलं की अशा प्रकरणांत अन्नसुरक्षा कायद्याखालीच कारवाई व्हावी, दंडविधानाखाली नव्हे. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत फिरवलं आणि दोन्ही कायदे लावायला हरकत नाही असं म्हटलं. मात्र कलम 328 प्रत्यक्षात लागू पडतं का, हा प्रश्न पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठवला.

कायद्याचं आम्ही बोलत नाही, ते वकील मंडळींनी बोलावं. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सोडवत नाही. मुलगा स्वतः पैसे देतो, स्वतः पुडी फाडतो, स्वतः तोंडात टाकतो. मग त्याला ‘घ्यायला लावलं’ असं म्हणता येईल का? टपरीवाल्याबद्दल आम्ही नाही म्हणू. तो बिचारा दिवसाला चार पैसे कमावणारा. पण ज्याने शरीराचं ‘नाही’ बंद पाडणारं मिश्रण जाणूनबुजून तयार केलं, त्याच्याबद्दल? त्याने मुलाचा हात धरला नाही हे खरं, पण हात मागे खेचणारी जी शक्ती होती ती त्याने काढून टाकली. यालाही काही नाव असायला हवं.

जग काय करतं आहे

जगातल्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. भारताने 2004 मध्ये ज्या जागतिक तंबाखू-नियंत्रण कराराला मान्यता दिली, त्याच्या 2010च्या मार्गदर्शक तत्त्वांत तंबाखू रुचकर करणाऱ्या द्रव्यांवर मर्यादा किंवा बंदी घालावी, असं म्हटलं आहे. अमेरिकेने 2009 मध्ये सिगारेटमधल्या वेगळ्या ओळखू येणाऱ्या चवींवर बंदी आणली. फळं, मिठाई, लवंग, सगळं बंद. फक्त मेंथॉल सोडून. तेव्हा लवंगेच्या सिगारेटी करणारा इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेला: आमची लवंग मुलांना भुरळ पाडते आणि तुमचं मेंथॉल पाडत नाही का? 2012 मध्ये अपिलातही इंडोनेशिया जिंकला. तर्क बिनतोड होता. कॅनडाने 2017 मध्ये आणि युरोपीय संघाने मे 2020 मध्ये मेंथॉल सिगारेटही बंद केल्या. कॅनडात त्यानंतर मेंथॉल ओढणाऱ्यांमध्ये सिगारेट सोडण्याचं प्रमाण इतरांहून अधिक दिसलं. अमेरिकेत हा प्रस्ताव 2022 मध्ये मांडला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला.

यात आपलीही एक गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात भारतातून अमेरिकेत चॉकलेट, स्ट्रॉबेरी, आंबा अशा चवींच्या बिड्या जात. 1999 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या शहरी मुलांच्या एका पाहणीत सुमारे 40 टक्के मुलांनी बिडी एकदा तरी ओढली होती. ज्या बिडीकडे आपल्या कॉलेजातली पोरं ढुंकून पाहत नव्हती, तीच बिडी स्ट्रॉबेरीचं नाव लागताच बोस्टनच्या मुलांना हवीशी झाली. वस्तू तीच, फक्त आरंभ बदलला.

आणि पळवाटाही सगळीकडे सारख्याच. युरोपात मेंथॉल बंद झालं तेव्हा वेगळी मेंथॉलची कार्डं निघाली, पाकिटात सरकवून ठेवायची. आपल्या दोन पुड्यांचीच ही विलायती बहीण.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. प्रौढ माणसाने काय खावं हे सरकारने का सांगावं? मिलचं ‘ऑन लिबर्टी’ आम्ही तीस वर्षं शिकवलं, आक्षेपाचं वजन आम्हाला कळतं. पण मिल हेही म्हणतो की विष विकताना त्यावर तसं लिहायला लावणं हे स्वातंत्र्याविरुद्ध नाही, आणि स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचं स्वातंत्र्य कुणाला असू शकत नाही. शरीराची ताकीद हे निसर्गाने विषावर लावलेलं लेबल आहे. सुगंध ते लेबल खरवडून टाकतो. सुगंधावरची बंदी म्हणजे लेबल पुन्हा जागेवर लावणं. ज्याला आजोबांसारखी कडू तंबाखू खायचीच आहे, त्याचा हात ती धरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: बंदी आहे, पण पुडी मिळतेच. हे खरं आहे, नाकारून उपयोग नाही. आमच्या मते एक कारण असं की बंदीचा पाया डळमळीत आहे. महाराष्ट्राचा आदेश ‘अन्न’ या शब्दावर उभा आहे आणि तो दर वर्षी नव्याने काढावा लागतो. अशाच दर वर्षीच्या आदेशांवर बोट ठेवून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तामिळनाडूची बंदी रद्द केली होती. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली म्हणून निभावलं. आणि दुसरी विसंगती बघा. चघळायची सुगंधित तंबाखू इथे बेकायदा, पण दाबली की पुदिन्याची कुपी फुटते अशी सिगारेट कायदेशीर, कारण ती कुणी खात नाही. 2003च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात चवीबद्दल काही नाही. म्हणजे सुगंध मजुराच्या गालात असला तर गुन्हा, आणि कॉलेजकुमाराच्या बोटांत असला तर नाही. इंडोनेशियाने अमेरिकेला विचारलेला प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

तेव्हा आमचं म्हणणं साधं आहे. तंबाखूच्या केंद्रीय कायद्यातच एक वाक्य यावं: तंबाखू कुठल्याही रूपात असो, तिच्यात चव, सुगंध किंवा गारवा घालायचा नाही, आणि घालण्यासाठी शेजारी ठेवूनही विकायचा नाही. ‘अन्न आहे की नाही’ हा वाद मग उरत नाही. सुपारीच्या बागायतदारांचा आणि विडी कामगारांचा पोटाचा प्रश्न खरा आहे, त्यासाठी वेगळी तरतूद हवी. पण तो प्रश्न पोरांच्या गालात सोडवायचा नसतो.

शेवटी त्या विद्यार्थ्याचं सांगून थांबतो. बी.ए. झाला, गावाकडे एका संस्थेत चिकटला, लग्न झालं. बत्तिसाव्या वर्षी तोंडाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. बोलता येत नव्हतं. बायको चमच्याने पेज भरवत होती आणि निम्मी बाहेर येत होती. उशाशी पाटी होती. तिच्यावर त्याने लिहिलं, “सर, मी तंबाखू कधी सुरू केली?”

विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही आमची आयुष्यभराची सवय. त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

आज आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथल्या बाकांवर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली माणसं गालाला रुमाल लावून बसलेली असतात. कधी गेलात तर त्यांना एवढंच विचारा, पहिला दिवस आठवतो का? ज्यांना आठवतो त्यांच्यात आमच्या आजोबांच्या वयाची माणसं जास्त सापडतील. तरुणांना तो बहुधा आठवणार नाही. कायद्याने त्यांना निदान तेवढा एक दिवस परत द्यावा. त्या दिवशी ठसका लागेल, मळमळेल, पोटातलं सगळं बांधावर पडेल. आणि मग घ्यायचं की थुंकायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.